अंगठ्यानं कुणी मरत नाही, हौसाआत्या

हौसाआत्या, तू अंगठ्यानं मेलीस असं पाड्यावर सांगतात.

कुजबुजत नाहीत, उघड सांगतात. तुझ्या दहाव्याला नदीवरून परत येताना तुझा दीर लहूकाका माझ्यापुढं चालत होता. मागं न बघताच म्हणाला, "अंगठ्याची शीर सरळ काळजाला जाते. ती कापली. मग दुसरं काय व्हायचं?" बरोबरच्या लोकांनी माना हलवल्या. मी म्हटलं, "काका, शीर कापलेलीच नाही. कापतात ते वेगळं असतं." तो थांबला, वळला. "तू व्हतीस काय आत?"

ऑपरेशनच्या खोलीत मी नव्हते. तुझ्या चपला आणि पिशवी सांभाळत बाहेरच्या बाकड्यावर बसले होते. पाण्याच्या मोर्चात तहसील कचेरीच्या पायरीवर उभी राहून माईकशिवाय बोलणारी मी, तुझ्या दिराच्या त्या एका प्रश्नावर मान खाली घालून चालायला लागले.

घरी आलो तर यमुनाकाकी पडवीत भिंतीला टेकून बसलेली. तुझी धाकटी जाऊ, लहूकाकाची बायको. उजवा हात पदराखाली. तिचाही अंगठा तुझ्यासारखाच अडकतो, आणि पुढच्याच सोमवारी ठाण्याच्या दवाखान्यात हात दाखवायची तिची तारीख होती. ती तारीख तूच तिथल्या खिडकीशी उभी राहून, भांडून घेतली होतीस. मी जवळ गेले तसा तिनं हात आणखी आत ओढला.

"मी नाय येत गो वैजू," ती म्हणाली. "माझी पोरं अजून मार्गाला लागायची हायेत."

म्हणून आत्या, मला रडायला वेळ मिळालेला नाही. आधी हे निस्तरायचं होतं.

तू कशानं गेलीस ते एकदा सरळ लिहून टाकते. तू हृदयानं गेलीस. छातीत जळतं म्हणून दिवाळीपासून तू खायचा सोडा पाण्यात घालून पीत होतीस आणि ढेकर आला की "उतरलं" म्हणत होतीस. त्या दुपारी शेवटच्या तोडणीची भेंडी गोणीत भरता भरता खाली बसलीस ती बसलीसच. दिनूनं, तुझ्या पोरानं, टेम्पोत गोण्यांवरच झोपवून तुला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं ईसीजी म्हणजे हृदयाची पट्टी काढली, बघितली, मोठा झटका आहे म्हणाला, ठाण्याला हलवा म्हणाला. ठाणं कुठं आणि आपण कुठं. आपल्या तालुक्यांतल्या धरणांचं पाणी मुंबईला बरोबर पोचतं. तू ठाण्याला पोचली नाहीस. हे वाक्य वाचून तू काय म्हणाली असतीस तेही मला माहीत आहे. "आली का परत पाण्यावर!"

तर हृदय. त्या पट्टीशी अंगठ्याचा काहीही संबंध नव्हता. तोवर तुझे टाके निघाले होते, जखम भरली होती, तू परत भेंडी तोडायला लागली होतीस. मी नंतर ठाण्याच्या डॉक्टर मॅडमना जाऊन तोंडावर विचारलं, "तुमच्या ऑपरेशननं तर नाही ना?" त्या चिडल्या नाहीत. "नाही," म्हणाल्या, "आणि तुम्ही विचारलंत हे बरं केलंत." पण पाड्याला पट्टी दिसत नाही. अंगठ्यावरचा टाक्यांचा वण दिसला होता. आंघोळ घालताना सगळ्या बायकांनी बघितला.

तुझा अंगठा पहिल्यांदा अडकला तेव्हा तू हसली होतीस. भात निघून गेलं की आपल्याकडं भेंडी. दिवसाआड, ऊन चढायच्या आत, वाकून एकेक देठ अंगठ्यानं दाबून मोडायचा. लव हाताला खाजते म्हणून जुने मोजे बोटांवर चढवायचे. हे तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांतले बरेच जण भेंडी थेट पातेल्यातच बघतात. एका सकाळी देठ मोडला आणि अंगठा वाकला तो वाकलेलाच राहिला. तू डाव्या हातानं धरून ओढलास तर टक् करून सरळ झाला. मग ते रोजचंच झालं. वाकायचा, अडायचा, ओढला की टक्. तू पोरांना बोलावून दाखवायचीस, "बघा रे, बंदुकीचा घोडा!" पोरं मागं लागायची, "हौसामाय, घोडा दाखव, घोडा दाखव." डॉक्टरही त्याला बंदुकीच्या घोड्यावरूनच नाव देतात, ट्रिगर थंब म्हणतात, हे मी तुला सांगितलं तेव्हा तुला कोण आनंद! "म्हंजे मी डाक्तरच्या आधी वळखला."

मग हसणं कमी झालं. भाकरी थापताना अंगठा आत वळून राहायला लागला. विळा धरवेना. पहाटे तर तो इतका घट्ट मिटलेला असायचा की उघडताना तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि तू ते चुलीच्या धुरावर ढकलायचीस. चूल पेटलेली नसली तरी.

बाजाराच्या रस्त्यावरच्या डॉक्टरकडं आपण गेलो. त्यानं टेबलाच्या पलीकडूनच बघितलं. "कामाचा अंगठा आहे, बायकांना होतं," म्हणाला आणि सुई दिली. थोडे दिवस बरं वाटलं, मग परत. दुसरी सुई. परत तेच. मी त्याच्याशी भांडायला उठले तर तू माझी बाही धरून खाली बसवलंस. खरं सांगायचं तर सुई चुकीची नव्हती. पुष्कळांचा अंगठा तेवढ्यानं मोकळा होतो, हे मला नंतर मॅडमनीच सांगितलं. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. पहिल्या सुईनं राहिलं नाही, दुसरीनं राहिलं नाही, तेव्हा का राहत नाही असं त्यानं एकदाही विचारलं नाही. तुझा हात हातातच घेतला नाही. गिऱ्हाईक भेंडी घेतानासुद्धा एक मोडून बघतं.

ठाण्याच्या मॅडमनी हात घेतला. दोन्ही हातांत धरून अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूला दाबत गेल्या. तू तोंड वाकडं केलंस तिथं थांबल्या. मग समजावून सांगितलं. परकराची नाडी जशी नेफ्यातून सरकते, तशी अंगठा वाकवणारी दोरी एका कड्यातून सरकते. नेफा जाड झाला किंवा नाडी फुगली की अडकली.

तू लगेच म्हणालीस, "म्हंजे माझा नेफा उसवायचा."

"तेवढंच," मॅडम हसल्या. "पण आधी तो आवळला कशानं ते बघू." त्यांनी साखर तपासली, नव्हती. बहुतेकांना कामानं होतं, साखरेनं होतं, म्हणाल्या, पण एखाद्याचं कारण भलतंच निघतं. दोरीवर मांसाची गाठ वाढलेली असते. सांध्यापाशी वाटाण्यासारखं हाड असतं, ते वाढून आड येतं. दोरीच अर्धवट तुटून तिचा धागा वळलेला असतो. सांध्यात खडे साचतात, जुना टीबी असतो. नाहीतर बाहेरचं काहीतरी आत मोडून राहिलेलं असतं. एक्सरेत काही दिसलं नाही. सोनोग्राफीत दोरीभोवती नेहमीपेक्षा जास्त सूज दिसली. कशाची, ते कळेना.

"मावशी, काटाबिटा रुतला होता का इथं?"

"नाय," तू म्हणालीस.

"आठवून सांगा."

"नाय म्हंजे नाय."

"आणि हा काळा डाग?"

"बिब्बा."

मॅडमनी मान हलवली. आपल्या बाजूचा प्रत्येक दुखरा गुडघा आणि मनगट बिब्ब्याचा डाग घेऊनच त्यांच्याकडं जातं. त्यात विचारण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही, मलाही वाटलं नाही.

वरूनच सुई घालून कडं तोडायची एक रीत असते. मॅडमनी ती नको म्हटलं. अंगठ्यात एक बारीक नस नेमकी त्या कड्यावरून तिरकी जाते. ती दुखावली तर अंगठ्याची एक कड बधिर होऊन बसते. आणि तुझी सूज त्यांना नेहमीची वाटत नव्हती. "उघडून, नस बाजूला धरून, डोळ्यांनी बघूनच करीन," म्हणाल्या. हे सगळं त्यांनी तुला सांगितलं, मला नाही. त्यासाठी मी त्यांना मानते.

पुढचं मी बाकड्यावर बसून ऐकलेलं नाही, तुझ्याकडून ऐकलंय. हात बधिर, पण तू जागी. डोळ्यांपुढं हिरवा पडदा. "वाकवा मावशी, सरळ करा मावशी." कडं कापलं, आता वाकवा. अंगठा वाकला आणि सरळ होताना मध्येच अडला. "त्या गप झाल्या," तू मला सांगितलंस, "न मी घाबरले. डाक्तर बोलतो तवर बरं असतं." मॅडमनी चीर थोडी वाढवली. नेफ्यात पिवळट, फुगलेलं मांस, आणि त्या मांसात तांदळाच्या कणीएवढं काळं काहीतरी. त्यांनी ते चिमट्यात धरून पडद्याच्या बाजूनं तुला दाखवलं.

"मावशी, हे काय?"

तू मान उचलून बघितलंस. "शिंदी."

"तुम्ही तर काटा नाही म्हणालात!"

"तो मेलेला व्हता!" तू टेबलावरून ओरडलीस. "बिब्ब्यानं मारला मी त्याला!"

ते मात्र मी बाहेर ऐकलं. सिस्टर तोंडाला हात लावून बाहेर आली. "तुमची आत्या का? आत काट्याशी भांडतायत."

वाचणाऱ्यांसाठी सांगते. भेंडीला वई म्हणजे कुंपण घालावं लागतं, नाहीतर भात निघाल्यावर मोकाट सुटलेली गुरं एका दुपारीत मळा संपवतात. वईत शिंदीच्या झावळ्या खोचतात. झावळीच्या बुडाशी सुयांसारखे काटे असतात. खोचताना एक तुझ्या अंगठ्याच्या बुडात घुसून मोडला. आणि पाड्यावर कुणालाही काटा मोडला की माणूस तुझ्याकडंच यायचं. तू बिब्ब्यात सुई खुपसायचीस, दिव्यावर धरायचीस आणि उतरलेल्या तेलाचा थेंब त्या जागेवर सोडायचीस. कातडी काळी पडायची. काटा मेला. त्यानंतर त्याचं नाव काढायचं नाही. मेलेल्या काट्याचं नाव काढलं की तो जागा होतो, असं तुझ्या सासूनं तुला सांगितलेलं. पाड्यावरच्या प्रत्येक तळव्यावर तुझी खूण आहे. माझ्या डाव्या टाचेवरही आहे. सुट्टीत तुझ्याकडं आले होते तेव्हाची. कितीतरी वेळा लहान काटे आपोआप बाहेर पडले असतील आणि श्रेय बिब्ब्याला मिळालं असेल. दोरीच्या नेफ्यात शिरलेला शिंदीचा काटा आपोआप बाहेर पडत नाही.

म्हणून मॅडमनी विचारलं तेव्हा तू खोटं बोलली नव्हतीस. जो काटा मेला तो तुझ्या हिशेबी रुतलेलाच नव्हता.

काढलेला तुकडा तपासायला गेला. टीबी नाही, गाठ नाही, काटाच. टाके निघाले आणि अंगठा सरळ झाला. तू मॅडमनी सांगितल्यासारखी रोज चुलीपाशी बसून तो वाकवायचीस, सरळ करायचीस. पोरं आली, "घोडा दाखव." तू अंगठा वाकवलास, गुपचूप सरळ झाला. पोरांची तोंडं पडली. "घोडा इकला रे," तू म्हणालीस. "गिऱ्हाईक ठाण्याचं व्हतं."

त्याच दुपारी आपलं भांडण झालं, जे संपलेलं नाही.

मी म्हटलं, "आत्या, तुझा अंगठा आमच्या संघटनेच्या पत्रकावर घालते."

"घाल की. काय लिवशील?"

मी तिथंच तोंडी मजकूर सांगितला. कष्टकरी बाईचा हात डॉक्टरला हातात घ्यावासा वाटत नाही. दोन सुया मारल्या आणि कारण विचारलं नाही. गरिबाच्या अंगठ्याला फक्त ठसा घेण्यापुरती किंमत आहे का? मला वाटलं, तुला आवडेल. तू सुपातले तांदूळ निवडत शांतपणे ऐकलंस.

"आणि बिब्बा?"

"बिब्ब्याचं कशाला?"

"का? काटा आत ऱ्हायला कुनामुळं? त्यानं इचारलं नाय, मी सांगितलं नाय. दोघं सारखे. तू त्याला झोडपशील न मला बिचारी करशील. मला बिचारी करू नको गो. मी बिचारी नाय, मी चुकले."

"मग लिहिते. बिब्बाही लिहिते."

त्यावर सूप बाजूला ठेवलंस. "खबरदार! माझी सासू, माझी आई, सगळ्यांनी तेच केलं. पाड्यावर काय तोंड दाखवू? आजवर मारलेले सगळे काटे जिते व्हते असं सांगू लोकांना?"

मला वैताग आला. बिब्बा वगळला तर तू बिचारी होतेस म्हणून नको, आणि घातला तर तुझी अब्रू जाते म्हणून नको. मी म्हटलं, "म्हणजे मी लिहायचंच नाही."

"लिहू नको कोन म्हंतो? नीट लिही." आणि परत तांदूळ निवडायला लागलीस. पत्रक कसं लिहितात ते मी शिबिरात शिकले आहे. पहिल्याच ओळीला वाचणारा चिडला पाहिजे, आणि कुणावर चिडायचं ते त्याला लगेच कळलं पाहिजे. दोघं सारखे असले तर पत्रक कसं लिहायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

पाड्यावर तू सांगितलंस, नेफा उसवला. काट्याचा शब्द नाही. माझ्याकडूनही कबूल करून घेतलंस. पण यमुनाकाकीचा अंगठा तेव्हा अडकायला लागला होता, आणि त्याच वईला दोघी दोन बाजूंनी झावळ्या खोचत होतात, आणि तिच्याही तळव्यावर तुझाच काळा डाग होता. मी म्हटलं, "काकीला तरी सांगायला पाहिजे. तिनं डॉक्टरला सांगितलं नाही तर तेही आधी सुयाच देत बसतील."

"तिला मी सांगन. माझ्या तोंडानं. तू मधी तोंड घालू नको."

"कधी?"

"टाइम आला की."

टाइम तुला मिळाला नाही.

आत्या, किन्हवलीच्या बाजारात माझं पहिलं भाषण झालं तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता. पुढं चारदोन माणसं, बाकीचे मिरच्या निवडत होते. तू मागून ओरडलीस, "मोठ्यानं बोल गो, भेंडी इकताना बोलतात तसं!" सगळा बाजार हसला आणि माझ्याकडं बघायला लागला. मला आलेलं सगळं बोलणं त्या एका हाकेपासूनचं आहे. घरात कुणी म्हणालं, पोरगी पत्रकं वाटत फिरते, लग्नाचं काय, की तू म्हणायचीस, "फिरू दे. बसून कुनाचं भलं झालंय?" आणि मग मला एकटीला गाठून, "पन लग्नाचं काय गो?"

दहाव्याला मला तुझी ती हाक हवी होती. आणि तोंड बंद ठेवायचं, तुलाच दिलेलं वचन माझ्या गळ्यात होतं.

जेवणं उरकली. लहूकाका पडवीत सुपारी कातरत बसला. यमुनाकाकी तिथंच, हात पदराखाली. मी पट्टीचं सांगून बघितलं, हृदयाचं सांगून बघितलं. लहूकाका म्हणाला, "कागद काय, डाक्तरच लिवतो न डाक्तरच वाचतो."  

मग तो बोलता बोलता बोलून गेला. "आधीपासूनच फिरलं व्हतं तिचं. त्या ऑपरेशनपासनं. करवंदाला गेलेली पोरं काटा घेऊन यायची तर बिब्बा काढंना. सुई तापवून टोकरत बसायची. टोक बाहेर येऊन तळव्यावर दिसलं पायजे, मगच सोडायची. पोरं बोंबलायची. मोठी डाक्तरीण झालेली."

"मला बी हाकललं," यमुनाकाकी म्हणाली. "टाचंत काटा व्हता. म्हटलं बिब्बा लाव. तर म्हने, बिब्बा संपला. संपला कसला! फडताळात वाटीभर दिसत व्हता."

 तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस. तू फक्त थांबली होतीस. सासूनं दिलेला, आयुष्यभर केलेला, ज्यासाठी पाडा तुझ्या दारात यायचा तो उद्योग तू बंद केला होतास, आणि लोकांनी तुला गर्विष्ठ म्हटलेलं ऐकून घेतलं होतंस. माझ्यापाशीही बोलली नाहीस. माझ्याशी भांडताना तू जिंकली होतीस आणि घरी जाऊन माझं ऐकलं होतंस.

मग मी बोलले. तुझं वचन मोडलं. शिंदीचा काटा, नेफ्यातला, कणीएवढा, जिता. सगळं सांगितलं, मोठ्यानं. भेंडी विकताना बोलतात तसं.

अडकित्ता थांबला. "म्हंजे बिब्बा खोटा?" लहूकाका म्हणाला.

"त्या काट्याला खोटा."

"मेलेल्या बाईवर घालतेस? तुझ्या आत्यावर? आज दहाव्याला?"

"तिनंच बंद केला काका. तुम्हीच आत्ता सांगितलंत."

"नाव काढू नये त्याचं, येवढं बी कळंना तुला?" तो ताडकन उठला, पायात चप्पल न घालताच अंगणात गेला आणि तिथं नुसता उभा राहिला. मला वाटलं, संपलं. आता हे घर मला तोडणार, आणि काकीचा अंगठा मिटलेलाच राहणार.

यमुनाकाकीनं हात पदराबाहेर काढला. डाव्या हातानं उजव्या अंगठ्याचं बूड दाबून बघितलं, जसं मॅडमनी तुझं बघितलं होतं. दुखलं. तोंडावर कळलं.

"आमी दोघी एकाच वईला व्हतो," ती म्हणाली.  येते म्हणाली नाही, नाही येत म्हणाली नाही.

तू बिब्ब्याचं लिहू नको म्हणाली होतीस, आणि मी हे सगळं इथं छापायला देते आहे. तू बिचारी नाहीस, तू चुकलीस, त्या सुईवाल्या डॉक्टरनंही चुकवलं, दोघं सारखे. जमलं तसं लिहिलंय. आवडलं नसेल तर ये आणि भांड. तुझ्याइतकं नीट माझ्याशी दुसरं कुणी भांडत नाही.

सोमवारी मी शहापूरच्या स्टँडवर उभी होते. तुमच्या बाजूची एसटी आली. माणसं उतरली, दुधाचे कॅन उतरले, कोंबड्या उतरल्या. काकी नाही. मी गाडीकडं पाठ फिरवली आणि मागून ऐकलं, "हळू गो, पायरी हाय." लहूकाका. पुढं यमुनाकाकी, तिची पिशवी काकाच्या खांद्यावर, आणि काकाच्या कपाळावर सगळ्या आठ्या.

"मी फक्त बघाया आलोय," तो मला म्हणाला. "शीर कापतात का काय ते."

तिथून आम्ही ठाणं गाठलं. खोलीत मॅडमनी काकीचा हात दोन्ही हातांत घेतला, बुडाशी दाबलं, काकी कळवळली. साखर विचारली, काम विचारलं, काळा डाग बघितला. मग तोच प्रश्न आला. "काटा रुतला होता का इथं?"

काकीनं लहूकाकाकडं बघितलं. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी ओठ दाबून धरले, आत्या. हे तिच्या तोंडून यायला पाहिजे होतं. 

"व्हता," यमुनाकाकी म्हणाली. "शिंदीचा. जावेनं मारलाय तो. पन तुमी उघडून बघा. तिचा बी मेला नव्हता."